सरकारी मेंढ्याची हळद

सरकारी मेंढ्याच्या डोळ्याची पापणी निवृत्तीने अंगठ्याने वर केली आणि तशीच धरून ठेवली. जो भाग पांढरा असावयाचा, तो पिकल्या लिंबासारखा पिवळा होता. कान सुजून लोंबत होते, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हातही तो उमदा प्राणी मान फिरवून सावली शोधीत होता.

"परवापासून चाऱ्याले तोंड नाही लावलं त्यानं," कडूबा धनगर म्हणाला.

निवृत्ती हा मेहकरकडच्या गुरांच्या दवाखान्यातला स्टॉकमन. नोकरी अद्याप हंगामी. गावठी मेंढ्यांची अवलाद सुधारावी म्हणून दूरच्या सरकारी फार्मावरून आणलेला हा मेंढा त्याने कडूबाच्या स्वाधीन केला होता, आणि त्याच दिवशी दुपारी जिल्ह्याच्या पशुखात्याचे वाकोडे साहेब तो पाहावयास येणार होते. निवृत्तीचे कायम होणे त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होते.

कारण शोधण्यास दूर जावे लागले नाही. मेंढवाड्याभोवती घाणेरीच्या झुडपांचे कुंपण होते आणि त्याची आतल्या अंगाची पाने साफ झाली होती. ते कुंपण निवृत्तीनेच लावविले होते. घाणेरीला जनावर तोंड लावीत नाही, हे त्याने कडूबाला खात्याचे परिपत्रक वाचून पटविले होते. आणि ते असत्यही नव्हते. परंतु गावच्या मेंढ्या आयांमागे चरता चरता जे शिकल्या, ते या परक्याला कोणी शिकविले नव्हते.

पुढचे शास्त्र निवृत्तीने कडूबाला सावकाश समजावले. घाणेरीतले विष यकृतावर बसते व पित्ताची वाट बंद करते. मग पित्त रक्तात मुरते आणि डोळे पिवळे होतात. हिरव्या चाऱ्यातून पोटात निपजणारे जे द्रव्य निरोगी यकृत बाहेर टाकते, तेही अंगातच राहते, आणि त्यावर ऊन पडले की कातडी भाजते. तेव्हा उपाय दोनच : कोळशाची पूड पाण्यातून पाजणे आणि अंधार.

अंधार कडूबाच्या घरातच होता. त्याची बायको गोजरबाई हिने आतली खोली रिकामी करून दिली. कोळसा निम्मा मेंढ्याच्या पोटात गेला, निम्मा त्याच्या तोंडाला लागला.

"साहेब उन्हात आणा म्हणतील," निवृत्ती म्हणाला. "काय सांगू?"

"हयद लावा त्याले," गोजरबाई म्हणाली. "हयद लागला नवरदेव उंबऱ्याभायेर पडते का?"

हे सरकारशी खोटे बोलणे होईल, असे निवृत्तीने निक्षून सांगितले.

"तुमी खोटं नका बोलू. तुमी निस्ते चूप बसा."

बाराला जीप आली. साहेबांनी मेंढा बाहेर मागितला. गोजरबाईने पदर सावरून चाल सांगितली : कळपात सोडण्याआधी नव्या मेंढ्याला नवरदेवासारखी हळद लावतात, आणि ती उतरेपर्यंत तो उंबरा ओलांडीत नाही. साहेब हसले, बूट काढून आत गेले. मुंडावळ्या बांधलेला, कपाळापासून कानांपर्यंत पिवळा मेंढा त्यांनी वाकून पाहिला.

"तोंडाला काळं काय?"

"दीठ लागू नये म्हून, साहेब."

साहेब बराच वेळ आत होते. बाहेर येऊन त्यांनी कुंपणावरून हात फिरविला, शेऱ्याची वही उघडली आणि म्हणाले, "छान कुंपण आहे. तालुक्यातल्या प्रत्येक मेंढवाड्याला असंच लावा, असं लिहितो."

निवृत्तीने मनात हिशेब केला. गप्प राहिले की नोकरी कायम होत होती. आणि तालुक्यात येणारा प्रत्येक परका मेंढा हेच कुंपण खाणार होता.

"साहेब, ती हळद नाही, कावीळ आहे. त्यानं घाणेरी खाल्ली. कुंपण मीच लावलं."

कडूबाने मान खाली घातली. साहेबांनी पेन अजून उघडलेच नव्हते.

"पापणीच्या आत हळद कोणी लावत नाही, एवढं मला कळतं. तुम्ही बोलता का, ते पाहत होतो. हे कुंपण लावायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

निवृत्ती काटेकोर माणूस. त्याने खिशातून परिपत्रक काढले, जावक क्रमांक व तारीख वाचली आणि कागद पुढे केला. साहेबांनी खालची सही पाहिली. ती त्यांचीच होती.

साहेब गोजरबाईकडे वळले.

"बाई," त्यांनी विचारले, "ही हळद किती दिवस ठेवता?"

"उतरेस्तोवर."

आतून कडब्याची काडी मोडल्याचा आवाज आला, मग चावल्याचा. साहेबांनी लिहिले : मेंढ्यास स्थानिक चालीनुसार हळद लागली असल्याने पंधरा दिवस उन्हात आणू नये. कुंपण बाभळीच्या काट्यांचे करावे. स्टॉकमन कायम करण्यास योग्य.

मग त्यांनी परिपत्रकाची चौपदरी घडी करून ती आपल्याच खिशात घातली.

गोजरबाईने वाटी पुढे धरली. "हयद उरली हाय, साहेब. आनखी कोनाले लावाची हाय का?"