गेनूआप्पांचं केसांचं शास्त्र

यवतचे गेनूआप्पा माणसाची पारख त्याच्या शर्टाचं वरचं बटण काढायला लावून करीत. छातीवर केस दिसले तर चहा, नाही तर नुसतं पाणी. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मी मास्तर म्हणून त्यांच्या शेजारी राहायला गेलो, तेव्हा मला पाणी मिळालं.

"बिनकेसाच्या छातीचा मानूस दगा देतो, गुरुजी. तुमचं तसं न्हाई म्हना, पर शास्त्र हाय."

हे शास्त्र भलतंच सोयीचं होतं. कानावरचे केस भाग्याचे, कारण आप्पांच्या कानांतून झुबके बाहेर आले होते. काखा साफ करणारा पुरुष म्हणजे बायल्या. मिशांना दोन्ही वेळा खोबरेल. बाईच्या अंगावर मात्र भुवईच्या खाली एक केस दिसता कामा नये. तोही डाळीचं पीठ चोळूनच काढायचा; पुण्याहून कुणी केस घालवायचं मलम आणलं, की आप्पा नाक दाबून म्हणत, "ढोराचं कातडं कमवायचं औषध हाय ते."

त्यांच्या लेकीच्या, सुमनच्या वरच्या ओठावर चांगली ठसठशीत लव होती. बिचारी रोज पीठ चोळून ओठ लाल करून घ्यायची. आमच्या या शास्त्रीबुवा आप्पांना ते दिसत नव्हतं.

शिरूरकडचे पाहुणे तिला पाहायला आले, तेव्हा मीही बैठकीत होतो. मुलाच्या मामानं आधी आप्पांच्या मिशा पाहिल्या, मग सुमनचा ओठ, आणि हसत म्हणाला, "पोरगी अगदी बापावर गेलीया."

सुमन पोह्यांची बशी ठेवून आत गेली, ती परत आलीच नाही. हे तिसरं स्थळ मोडलं.

चार दिवसांनी आप्पा घोंगडी पांघरून ओट्यावर बसलेले दिसले, मिशा सफाचट. आमच्याकडे मिशी उतरते ती घरातलं कुणी गेल्यावर. वडगाव रासाईला त्यांचे थोरले बंधू आजारी होते, त्यामुळे कुणी काही विचारलंच नाही. शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मीही मान खाली घालून जवळ बसलो.

"कधी गेले?" मी विचारलं.

"कुनी गेलं न्हाई," आप्पा भाकरी मोडत म्हणाले. "रविवारी कुरकुंभचं पाव्हनं यायचंत. मिशा दिसल्या, की लोक माझ्याकडनं तिच्याकडं बघत्यात."

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली.

"तिला बोलू नका, गुरुजी. उकडतं म्हनून काढल्या, असं सांगितलंय."

मार्गशीर्षातली सकाळ होती, तोंडातून वाफ निघत होती. सुमन चहा घेऊन बाहेर आली. तिनं बापाची घोंगडी गळ्यापर्यंत ओढून दिली.