बिनकवाडाचं घर

औरादला पेठेच्या मागच्या गल्लीत हावगेप्पांचं एक भाड्याचं घर होतं, आणि त्या घराचं भाडं सोडलं तर त्यांना जगात कसलीच ददात नव्हती. सात महिने झाले, नरसिंग कल्हईवाला "देतो की अण्णा" याखेरीज काहीच देत नव्हता. पेठेत स्टीलची भांडी आल्यापासून त्याचा भाता थंड पडत चालला होता.

भाड्याचं एक वेळ राहू द्या. खरी अडचण मुलीच्या, रत्नम्माच्या लग्नाची होती. मंठाळच्या रेवणसिद्धप्पांनी आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली होती, आणि हावगेप्पा त्यांना मोठ्या तोंडानं सांगून बसले होते, "पेठेत घर हाय आपलं. म्हैन्याच्या म्हैन्याला भाडं येतंय." पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी पाहुणे ते घर बघायला येणार होते. मुलगी त्यांना पसंत होती, आता घर पसंत पडायचं राहिलं होतं.

तेव्हा हावगेप्पांनी वडिलांचा जुना उपाय बाहेर काढला. भाडं थकलं की दार काढून न्यायचं. वडिलांनी निजामाच्या काळात असं एकदाच केलं होतं, आणि दिवस मावळायच्या आत भाडं घरपोच आलं होतं. हावगेप्पांनी सकाळीच जाऊन दोन्ही सागवानी कवाडं खोबणीतून उचकटली. गल्ली गोळा झालेली बघून त्यांना चेव आला आणि नको ते बोलून गेले, "बसवण्णाची आण हाय. भाडं हातात पडल्याबिगर हे कवाड लागणार न्हाई."

कवाडं गाडीवर चढवायला नरसिंगनंच हात लावला. "सावकाश न्या अण्णा," तो म्हणाला, "कोपरा घासंल."

घरी ईरम्मानं कवाडांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि कवाडं अंगणात आडवी टाकून त्यांवर सांडगे घातले.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी हावगेप्पा बघायला गेले, तर नरसिंग उंबऱ्यावर बिडी ओढत बसलेला.

"कामाला कामून जाईनास रे?"

"जाऊ कसा? कवाड न्हाई. आत लोकांची भांडी हायती. ईरम्मा अक्काची घागर बी त्यातच हाय. मी खेड्यावर गेलो आन् कुणी उचलली तर?"

"मग कमावणार कवा?"

"त्येच बघायलोय."

"आन् भाडं देणार कवा?"

"कमावल्यावर," नरसिंग म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुठं बोट ठेवावं ते हावगेप्पांना कळेना.

कवाड लावावं तर आण मोडते. न लावावं तर नरसिंग हलत नाही. तो हलला नाही तर भाडं येत नाही, आणि भाडं आलं नाही तर कवाड लागत नाही. हावगेप्पांनी खूप डोकं खाजवलं आणि शेवटी म्हणाले, "तू जा. मी बसतो राखणीला."

"तुमी?"

"घर माझंच हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवसापासून घरचं किराण्याचं दुकान ईरम्मा बघू लागली आणि हावगेप्पा उंबऱ्यावर बसू लागले. नरसिंग खेडी फिरू लागला. खेड्यात अजून पितळच चालत होतं, त्यामुळे काम भरपूर मिळालं. जितकं काम, तितकी भांडी घरात, आणि जितकी भांडी, तितकी राखण जोखमीची. बाया भांडी आणून हावगेप्पांच्या पुढ्यात ठेवू लागल्या. चार दिवसांत त्यांना घागर उलटी करून बघायची सवय लागली. "बुडाला चीर हाय, डाग द्यावा लागंल," असं ते आपसूक म्हणू लागले. शेजारची चन्नव्वा तर गल्लीत सांगत सुटली, "नरसिंगनं नवा गडी ठिवलाय. वयस्कर हाय, पर नेटका हाय."

"भाडं?" हावगेप्पा रोज विचारायचे.

"पैशे आले अण्णा, पर कथलात गेले. कथील लई महाग झालंय. पर तुमी दिसभर फुकट बसायलाव, ह्येचं मला पाप लागंल. रोजचे दोन रुपये घेत जावा."

"मी घरमालक हाय," हावगेप्पा कडाडले. मात्र जाता जाता कोपऱ्यातली परात त्यांनी सवयीनं आत सरकवली.

बाजाराचा दिवस उजाडला. रेवणसिद्धप्पा गल्लीत शिरले, तेव्हा त्यांचे होणारे व्याही बिनकवाडाच्या चौकटीत, काजळीनं माखलेल्या धोतरात, गुडघ्यांत घागर धरून बसले होते. हावगेप्पांना घागरीत तोंड घालावंसं वाटलं. तेवढ्यात नरसिंग आला. पाहुण्यांकडे न बघता त्यानं हावगेप्पांच्या हातात त्यांच्या रोजंदारीच्या नोटा कोंबल्या.

"मोजून घ्या अण्णा. आमी कुणाचं ठिवत न्हाई." आणि तो आत गेला.

आता सगळं संपलं, असं हावगेप्पांना वाटलं. रेवणसिद्धप्पा मात्र चौकट खालीवर न्याहाळत होते.

"कवाड कुठंय?"

"काढलं."

"कवा?"

"झाले बारा दिस."

"आन् बारा दिसांत भाडं हातात?" रेवणसिद्धप्पांनी त्यांना बाजूला घेतलं. "माझ्या घरात एक पानवाला हाय. दोन वर्सं झाली, दमडी न्हाई. तुमी मला आधी कामून सांगितलं न्हाई, अप्पा?"

हावगेप्पांनी खोकून घेतलं. खोकण्याला कोणी खोटं बोलणं म्हणत नाही. सोयरीक तिथंच, घागरीच्या साक्षीनं ठरली.

महिनाभरानं हावगेप्पा लग्नपत्रिका घेऊन मंठाळला गेले. व्याही घरी नव्हते. ते पेठेत सापडले, एका बिनकवाडाच्या घरापुढं, मांडीवर पानांची टोपली घेऊन. पानं सुकू नयेत म्हणून ते त्यांवर पाणी शिंपडत होते.

हावगेप्पांना बघून व्याह्यांनी टोपली सावरली. मग रेवणसिद्धप्पा जरा सरकले.

"बसा. पानवाला बाजारला गेलाय. त्यो आल्याबिगर उठता येत न्हाई."

हावगेप्पा बसले. त्यांनी हळूच विचारलं, "रोज काय देतो?"

"दीड रुपया," व्याही खाली बघून म्हणाले.

"मला दोन मिळत्यात," हावगेप्पा म्हणाले.

मुलीच्या बापानं व्याह्यापुढं अंग चोरून बसायचं असतं. हावगेप्पांनी चौकटीला खुशाल पाठ टेकली आणि पाय लांब केले.