दिनकरआण्णा आणि मागची सीट

आमच्या शिवाजी पेठेतले दिनकरआण्णा मोठी गाडी तपासायला जातात, ते ताकानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला घेऊन. स्वतः कधी चालवत नाहीत. मागचं दार उघडून आत बसायचं, पेला मांडीवर धरायचा, डोळे मिटायचे आणि पुढच्याला हुकूम सोडायचा, "हं, चालू दे. खड्डं चुकवायचं न्हाईत."

परत आल्यावर पेल्यात किती उरलं आणि विजारीवर किती सांडलं, यावर गाडीची लायकी ठरते. हायवेवरच्या दोन शोरूममध्ये तर आण्णा दारात दिसले, की सीटवर आधी प्लास्टिक अंथरतात.

आण्णांकडे स्वतःची गाडी नाही. एक जुनी स्कूटर आहे. उभा जन्म उद्यमनगरात डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. त्या खडखडाटावर बोलायची सवय, त्यामुळे आवाज असा, की त्यांनी घरात चहा मागितला तर तीन घरांत आधण चढावं. कान मात्र तयार. गल्लीत कुणाची गाडी शिरली, की अंघोळीला बसलेले आण्णा आतून ओरडणार, "दादू, तुझा तिसरा सिलिंडर रुसलाय रं!" आणि तो खरोखरच रुसलेला असायचा.

गेली दोन-तीन वर्षं त्यांनी मोठ्या सेडानचं वेड घेतलं होतं. लांब, ऐसपैस, साहेबलोकांच्या गाड्या. आमच्याकडे आता सगळे उंच गाड्या घेतात. आण्णांना त्या बघवत नसत. "उंटावर बसल्यागत हुतंय मर्दा. वळणावर आपुन हिकडं, पोट तिकडं!"

माझं महाद्वार रोडला कापडाचं दुकान आहे. चार पैसे जमले तेव्हा मीही एक उंच गाडी हेरून ठेवली होती. चूक एवढीच केली, की आण्णांना सांगितलं.

"व्हय? आणि त्यात बसायला शिडी कोण देणार?"

"आण्णा, सनरूफ आहे तिला."

"आभाळ फुकाट दिसतंय की वर मान केल्यावर! त्याला लाखभर कशाला मोजायचं?"

त्यांचा हिशेब सोपा होता. त्याच पैशात चार वर्षं वापरलेली मोठी सेडान येते. "श्रीमंतानं नव्याची हौस फेडलीया, आपुन गाडी घ्यायची." मग तीन रविवार आम्ही जुन्या गाड्यांच्या बाजारात तीन सेडान तपासल्या. मी पुढे, आण्णा मागे, ताक मांडीवर.

पहिली टर्बोवाली. पाय ठेवला, की सुसाट. मी खूश. आण्णा विजार पुसत म्हणाले, "पैलवान हाय खरा, पर अंगावर येतोय. असल्याबरोबर संसार हुईत न्हाय." दुसरी डिझेल. इंजिन जोरदार, अ‍ॅव्हरेज उत्तम. पण उभी असताना बारीक थरथरत होती. आण्णांनी सीटवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मान हलवली. "मुंग्या येत्यात." तिसरी पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. इंजिन चालू आहे की बंद, तेही कळेना. तुटक्या रस्त्यावरून फिरून आलो, तर ताक जागच्या जागी. आण्णांनी खिशातून टेप काढून सीट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं, मागचं दार चार वेळा उघडून बघितलं, आणि पेला एका दमात रिकामा करून म्हणाले, "हीच."

मी तीच घेतली. उंच गाडीचं थोडं मनात राहिलं, पण घेतली.

महिन्याभरानं एका सकाळी आण्णा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. आत या म्हटलं, तर येईनात.

"एक दिस गाडी देशील? तूच चालव. मलकापूरला जायचंय. हिच्या थोरल्या बहिणीकडं."

ही म्हणजे सुमनकाकू, त्यांची बायको. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आम्हाला माहीत होतं. खिडकीतल्या खुर्चीत बसलेल्या दिसायच्या, हसून हात करायच्या. म्हणून त्या बऱ्या झाल्या, असं आम्ही धरून चाललो होतो.

"तीन वर्सं झाली, दवाखाना सोडून कुटं गेली न्हाय," आण्णा म्हणाले. "गेल्या साली भाड्याची जीप केलती. निम्म्यातनं माघारी फिरलो. वरडली न्हाय बघ. पर व्हट चावून रगत काढलं हुतं."

"आण्णा, हे आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू तिच्यासाठी घेतली असतीस. गाडी तुझी हाय, तुला पटाय पायजे." मग खाली बघत म्हणाले, "तुला फसवलं न्हाय बरं का. गाडी चांगलीच हाय. फकस्त बघताना तिची पाठ धरून बघत हुतो."

पुढच्याच रविवारी निघालो. काकू मागे डाव्या बाजूला, पाठीशी दोन उशा, आण्णा त्यांच्या शेजारी. मी तीस-चाळीसच्या वर गेलो नाही. मागून ट्रक हॉर्न मारत होते, मी ऐकत नव्हतो. मलकापुरात काकूंची बहीण अंगणातच उभी होती. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या, आणि दुपारभर त्यांनी कुणालाच मध्ये बोलू दिलं नाही. आण्णांनासुद्धा.

परतताना उन्हं कलली होती. पंचगंगेचा पूल ओलांडला तेव्हा मी आरशात बघितलं. काकूंचं डोकं आण्णांच्या खांद्यावर टेकलं होतं. डोळे मिटलेले. आण्णा लाकडासारखे ताठ बसले होते.

आमच्या गल्लीचं वळण आलं. मी इंडिकेटर दिला. आण्णांनी आरशातूनच हात हलवून नको म्हणून खुणावलं.

"रंकाळ्याकडनं घे," त्यांचे नुसते ओठ हलले. "हळू."

मी गाडी सरळ काढली. तलावाच्या कडेनं जात असताना काकूंनी झोपेतच विचारलं, "आलं का वं घर?"

आण्णा म्हणाले, "न्हाय अजून. लई लांब हाय. झोप तू."