उमेदवार खाली बसला

शनिवारी दुपारच्या खेळाला, मध्यंतराच्या थोडं आधी, पडद्यावरच्या निमसे गुरुजींनी निवडणुकीतून माघार घेतली. त्याला कारण अनसूयाबाई कुदळे.

बाईंना पिक्चरची गोष्ट पाठ होती, आदल्याच दिवशी पाहून आल्या होत्या. पहिल्या भागात निमसे गुरुजी अनवाणी गावोगाव फिरतात आणि नानासाहेब मंत्र्यांच्या विरोधात उभे राहतात. दुसऱ्या भागात निवडून येतात, स्वतः मंत्री होतात आणि ज्या रघूने त्यांच्यासाठी उन्हातान्हात भिंती रंगवल्या, त्यालाच तुरुंगात टाकतात. बाईंना ते इतकं लागलं की त्या दिवशी जेवण गेलं नाही. तरी पुन्हा आल्याच. या वेळी धाकट्या भावाला, दामूला घेऊन. शेजारी जागा मिळाली नाही म्हणून तो बरोब्बर त्यांच्या पुढे बसला होता.

गुरुजी सभेत बोलायला उभे राहिले आणि नेमका तेव्हाच दामूही उठला. बहिणीने घेऊन दिलेल्या नव्या चपला सीटखाली काढून ठेवल्या होत्या, त्या पायाला लागेनात. ताडमाड माणूस, अख्खा पडदा झाकला गेला.

"अरे, खाली बस!" बाई ओरडल्या.

गुरुजींचं भाषण थांबलं. "जनतेची इच्छा," असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि व्यासपीठावरच्या खुर्चीत बसले. उमेदवार बसला म्हणजे बसला. पुढे पिक्चर सरकेचना.

दिवे लागले. मॅनेजर तांबट धावत आले. "कुणी बसवलं यांना?"

"मी भावाला म्हणत होते हो."

"नाव घेतलं होतंत?"

"नाही."

"मग माघार रीतसर आहे. पण बाई, नानासाहेब बिनविरोध आले तर दुसरा भाग कसला दाखवू? लोक खुर्च्या मोडतील."

पडद्यावर नानासाहेबही हिरमुसले होते. "समोर कुणी नसेल, तर आम्ही कट शिजवायचा कुणाविरुद्ध?"

गुरुजींनी बाईंकडे पाहिलं. "तुम्ही पुढचं पाहिलंय. मी निवडून येतो?"

"येता."

"आणि मग?"

बाईंना सांगवेना. पण सांगितलं. रघू रंगाचा डबा घेऊन मागेच उभा होता, तो खो खो हसला. "मला तुरुंगात? आपले गुरुजी?"

गुरुजी हसले नाहीत. "मग मी बसलेलाच बरा," ते म्हणाले, आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

तांबटांनी थिएटरभर नजर फिरवली. सगळे बसलेले, एकटा दामू तेवढा उभा. "हे उभेच आहेत की!"

"मी चपला शोधतोय," दामू म्हणाला.

"म्हणजे अनवाणी आहात. पिक्चरला तेच लागतं."

शाळेत कधी मॉनिटरही न झालेल्या दामूने केसांवरून हात फिरवला. "ताई, जाऊ?"

"जा. पण रघूला काही करायचं नाही हं."

"तुझी शपथ, ताई."

दामू पडद्यावर चढला, गुरुजी उतरून त्याच्या जागेवर बसले. बाईंनी त्यांना शेंगदाण्याची पुडी दिली.

दुसरा भाग रंगला. दामूच्या पहिल्या भाषणात 'माझी ताई' पाच-सहा वेळा आली. तो निवडून आला. मग गाडी आली, मग चकचकीत बूट आले. मग रघूच्या अटकेचा कागद टेबलावर आला.

एवढ्यात गुरुजींच्या पायाला सीटखाली चपला लागल्या. बाईंनी त्या उंच धरल्या. "दामू! अरे, सापडल्या बघ!"

दामूसाहेबांनी एकवार पाहिलं. "कुणाच्या आहेत?" त्यांनी सचिवाला विचारलं. "माता-भगिनींचे प्रश्न उद्या घेऊ." आणि सही केली.

बाईंना भरून आलं. शपथ त्यांची होती, चपलाही त्यांनीच घेतलेल्या. पण हातपाय गाळणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. नाक पुसून त्यांनी थेट तिकिटाची खिडकी गाठली. मागून गुरुजी दामूच्या चपला घालून फटक फटक करत आले.

"उद्याच्या दुपारच्या खेळाची दोन द्या. पुढच्या रांगेतली."

"भावाला बसवायचंय?" खिडकीत येऊन बसलेल्या तांबटांनी विचारलं.

"मध्यंतराच्या आत."

"आणि उभं कोण राहणार?"

"उशिरा येणारे असतातच की, अंधारात जागा शोधत."

तांबटांनी क्षणभर विचार केला. "नियमात बसतं," ते म्हणाले, आणि दोन तिकिटं फाडली.