आदेशानुसार बेशुद्ध

शनिवारी सकाळी सव्वानऊला नांदगाव पेठच्या बसथांब्याशेजारी एनसीसीचा कॅडेट कुलदीप खंडारे बेशुद्ध पडला. पडण्याआधी खाली खडे नाहीत ना, हे त्याने पाहून घेतलं होतं. शेजारी एक स्कूटर आडवी केलेली होती आणि त्याच्या कपाळावरच्या पट्टीवर कुंकवाचं पाणी शिंपडलेलं होतं.

रस्ता सुरक्षेचं प्रात्यक्षिक होतं. पाहुणे आले की एनसीसीचे ढोके सर शिट्टी वाजवणार, शाळेच्या भिंतीआडून सार्जंट प्रणालीची तुकडी स्ट्रेचर घेऊन धावत येणार आणि जखमीला उचलणार. जखमीचं काम कुणालाच नको होतं. कुलदीपने ते मागून घेतलं. मागच्या वर्षी सलामीच्या वेळी तो फिस्सकन हसला आणि अकोल्याच्या कॅम्पातून त्याचं नाव कटलं. कॅम्पात खरी रायफल चालवायला मिळते. यंदाचा कॅम्प उद्याच सुरू होत होता.

"मी स्वतः 'ऊठ' म्हटल्याशिवाय उठायचं नाही," सरांनी बजावलं होतं. "पापणी हलली तर कॅम्प विसर." शुक्रवारच्या सरावात त्यांनी मुद्दाम प्रणालीला पाठवून 'ऊठ' म्हणायला लावलं. कुलदीप उठला आणि नंतर उन्हात मैदानाला चकरा मारत राहिला.

पाहुणे नेमके रस्ता चुकले. सर त्यांना आणायला मोटरसायकलवर निघून गेले. एवढ्यात मोझरी गावाला निघालेल्या मनकर्णाबाई नावाच्या आजी पाणी प्यायला ऑटोतून उतरल्या.

"अवं माय! पोट्टं गेलं का काय?"

दोन मिनिटांत थांबा भरला. कुणी नाडी धरली, कुणी वारा घातला.

"कांदा आना, कांदा!"

"कांद्यानं काय होते? चप्पल हुंगवा."

कुलदीपला आधी कांदा हुंगवला, मग चप्पल. चप्पल कुणाची ते त्याला दिसत नव्हतं, पण तो माणूस बराच लांबून चालत आला असावा. कुलदीपने श्वास रोखून धरला. सरांनी परीक्षा भलतीच कडक ठेवली होती.

प्रणाली गर्दीत घुसली. "काकाजी, सरका! हे प्रात्यक्षिक हाय. त्याले काई झालं नाई!"

"रगत दिसून नाई राहिलं का तुले?"

"कुंकू हाय ते! कुलदीप, ऊठ बे!"

कुलदीप हलला नाही.

"ऊठ ना बे, खरंच सांगून राहिली!"

कालही ती अगदी हेच म्हणाली होती.

"पोरी, अशा टायमाले दटावू नाई कोनाले," एक आजोबा हळूच म्हणाले. चौघांनी कुलदीपला उचलून ऑटोत घातलं. स्ट्रेचर घेतलेली तुकडी 'एक-दो, एक-दो' करत ऑटोमागे धावली. प्रणालीने पानठेल्यावरून सरांना फोन लावला.

ऑटोत कुलदीपचं डोकं मनकर्णाबाईंच्या मांडीवर होतं. "माह्या नातू प्रीतमएवढा हायेस रे बाप्पा," त्या म्हणत होत्या. "डोये उघड. मोझरी राहू दे, मी आता तुले सोडून जात नाई." त्याच्या गालावर एक कढत थेंब पडला, मग दुसरा.

कुलदीप विचारात पडला. कांदा, चप्पल इथवर सरांची करामत चालली असती. अशी आजी सरांना रडवता आली नसती.

"आजी," तो डोळे मिटूनच पुटपुटला, "रडू नका. मले काई झालं नाई."

"बोलला वं माय!" मनकर्णाबाई जास्तच रडू लागल्या. "गप राय. मेंदूले मार लागला का मानूस असंच बोलते."

दवाखान्यात डॉक्टर रश्मी यांनी टॉर्च हातात घेतला. "नाव काय?"

"कॅडेट कुलदीप खंडारे, मॅडम."

"डोळे उघड."

"परवानगी नाई, मॅडम."

"बरं. आत्ता कुठे आहेस?"

"बसथांब्यावर, मॅडम. बेशुद्ध."

डॉक्टरांनी कंपाउंडरकडे पाहिलं आणि लिहिलं : डोक्याला मार, भ्रम, चोवीस तास देखरेख.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. मागच्या सीटवर प्रणाली होती. सर दारातूनच ओरडले, "कुलदीप, ऊठ!"

कुलदीप ताडकन उठला, टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. "जय हिंद, सर!"

मनकर्णाबाईंनी हात जोडले. "गुर्जी," त्या सरांसमोर पाय लांब करत म्हणाल्या, "माह्या गुडघ्यालेबी एकडाव म्हना."

सरांनी घाम पुसला. "शेवटपर्यंत हलला नाहीस?"

'नाही सर' म्हटलं असतं तर काम झालं असतं. ऑटोत तुकडीतलं कुणी नव्हतं.

"हललो नाई सर. पन बोललो. आजी रडून राहिल्या होत्या."

सरांनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं. "जखमीला धीर देणं प्रथमोपचारात बसतं," ते म्हणाले. "इथं जखमीनंच दिला. उद्या सकाळी कॅम्पची बस आहे. चल."

"कुठं चल?" डॉक्टर म्हणाल्या. "चोवीस तास हलवायचा नाही."

"मॅडम, नाटक होतं ते."

"मुलगा मला स्वतः सांगतो की तो बेशुद्ध आहे, आणि तुम्ही नाटक म्हणता?"

डॉक्टरांनी तंदुरुस्त लिहून दिल्याशिवाय कॅम्पात घेत नाहीत, हा नियम सरांनीच तुकडीकडून पाठ करून घेतला होता.

आता मनकर्णाबाई पुढे झाल्या. "अवं बाई, पोरगं धडधाकट हाय. लिहून दे."

"आजी, तुम्हीच तर मेला म्हणून आणलंत ना याला?"

"मंग आता मीच म्हनतो ना, जित्ता हाय!"

संध्याकाळी पाचला कुलदीप दवाखान्याच्या व्हरांड्यात एका पायावर उभा राहून दाखवत होता. मनकर्णाबाई डॉक्टरांच्या दारात ठाण मांडून बसल्या होत्या आणि सर त्यांच्या मागे, सावधानमध्ये. डॉक्टर टेबलाच्या खणात काहीतरी शोधत होत्या. पेन शोधत होत्या की सबब, ते बाहेरून कळत नव्हतं.