कॅलिफोर्नियातला लंगर

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि चौसाळ्यात नबी मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये खंडोबाचं जागरण रंगात आलं होतं. जागरण खरं तर कॅलिफोर्नियातल्या एका हॉलमध्ये चाललं होतं. तिथे अजून शनिवारची रात्र होती. पण ते घालणारा सटवा वाघ्या चौसाळ्यात होता, आणि आवाज न तुटता पोचेल असं इंटरनेट गावात फक्त नबीकडे होतं. म्हणून सटवा ट्रकच्या दोन टायरांवर फळी टाकून दिमडी वाजवत बसला होता आणि नबीने मोबाइल समोर जॅकला टेकवून ठेवला होता.

नवस वच्छलाबाईंचा होता; त्याही गॅरेजमध्ये मोबाइलसमोर बसल्या होत्या. त्यांच्या मुलाला, शिवशंकरला, तिकडे लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली होती. हॉल मात्र रात्री दहापर्यंतच मिळाला होता. "धाला घरी जायचं, मंग ते जागरण कसलं?" असं सटवा आधी म्हणाला होता. मग, "हिकडं मी जागा हाय, तेवढं बास," म्हणून त्यानेच वाट काढली. गालिच्यावर भंडारा उधळायला मनाई होती, म्हणून प्लास्टिक अंथरलं होतं. तेही वच्छलाबाईंनी चालवून घेतलं. पण शिवशंकरने बॅटरीवरची दिवटी दाखवली तेव्हा त्या भडकल्या होत्या. "नवस देवाला बोललेय मी, खेळण्याच्या दुकानाला न्हाई!" त्यामुळे दिवटी खरी होती आणि तिच्यात तेल घालायला शिवशंकरचा मेहुणा उभा होता.

सगळं सुरळीत चाललं होतं. राहिला होता फक्त लंगर. शेवटी लोखंडी साखळी एका झटक्यात तोडायची, मग देव पावला म्हणायचं आणि पंगत बसवायची. सटवाचे हात समुद्रापलीकडे पोचणार नव्हते, तेव्हा साखळी शिवशंकरनेच तोडायची ठरली. त्याने दुकानातून नवीकोरी साखळी आणली होती.

त्याने झटका दिला. साखळी जागची हलली नाही. मग दोन इंजिनिअर एका टोकाला आणि दोन दुसऱ्या टोकाला लागले. साठ माणसं पुरणपोळीकडे बघत उभी होती.

"सटवाभाऊ," नबी हळूच म्हणाला, "त्यांला कडीचं सांगा की."

"गप बस बे!"

"कसली कडी?" वच्छलाबाईंनी विचारलं.

सटवाने दिमडी पुसायला घेतली. शेवटी नबीनेच सांगितलं. प्रत्येक जागरणाच्या आदल्या दिवशी सटवा लंगर घेऊन गॅरेजला यायचा, आणि नबी त्यातली एक कडी करवतीने कापून दिसणार नाही अशी दाबून द्यायचा. सटवाच्या बापाला नबीचे अब्बा तशीच करून द्यायचे.

"देव ताकद देतो, वच्छलाकाकू," सटवा पडल्या आवाजात म्हणाला. "पर कमरंचं दुखणं बी त्यानंच दिलंय."

वच्छलाबाईंनी मोबाइलमधल्या ताटकळलेल्या पोरांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिकडं करवत कुठली आता? लेकरं उपाशी हायती."

एवढ्यात मोबाइलमधून कर्कश भोंगा ऐकू आला. लंगर तुटेना म्हणून मेहुणा दिवटीत तेल घालतच राहिला होता. धूर छतावरच्या आगीच्या भोंग्याला जाऊन भिडला होता.

"काय झालं रं?" वच्छलाबाई ओरडल्या. फक्त पळापळ, नातीचं रडणं, आणि थोड्या वेळाने दारात तीन हेल्मेटं दिसली. अग्निशमनवाले आले होते. त्यांनी दिवटी विझवली, खिडक्या उघडल्या आणि साखळीला लटकलेल्या चार माणसांकडे पाहिलं. शिवशंकरने इंग्रजीत काहीतरी समजावलं. तिघांतल्या उंचपुऱ्या बाईने मान डोलावली, गाडीतून लांब दांड्यांची कात्री आणली आणि कट्कन साखळीचे दोन तुकडे केले.

"बाईनं तोडला!" वच्छलाबाई घाबरून म्हणाल्या. "चालतंय का हे?"

मोबाइलमधून सगळा हॉल सटवाकडे बघू लागला. सटवाने दिमडीवर थाप मारली.

"म्हाळसा आली! येळकोट येळकोट जय मल्हार!"

साठ जणांनी आरोळी दिली. पंगत बसली. त्या बाईने दोन पोळ्या खाल्ल्या आणि कपाळाचा भंडारा न पुसताच गेली.

चंपाषष्ठीच्या सुमारास वच्छलाबाईंना सटवा बाजारात भेटला. तो खुशीत होता. अमेरिकेतल्या आणखी पाच घरांनी जागरण सांगितलं होतं. पण सामानाची यादी त्यांनी स्वतःच करून पाठवली होती.

"काय होतं यादीत?"

"नारळ, भंडारा, दिवटी, लंगर..." सटवा जरा घुटमळला. "आन् आगीची लाल गाडी, एक. तिच्याबिगर जागरण पुरं होत न्हाई म्हणत्यात तिकडं. पद्धतच हाय म्हणं."

"अगं बाई! मंग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार?" सटवा म्हणाला. "गाडीचं तोंड पूर्वेला ठिवा म्हणलं."