शनिवारचा फ्रेंच कॅप्टन

इंग्लंडात कॉव्हेंट्रीला खोली बघायला गेले तेव्हा सबनीसकाकांनी माझी नोकरी विचारली नाही. दारातच म्हणाले, "दहावीला फ्रेंच होतं का?"

मी जपून हो म्हटलं. पुण्यातल्या इंग्लिश मीडियममध्ये मार्कांसाठी बरेच जण घेतात. त्यांनी लगेच किल्ली हातावर ठेवली. मला तेव्हाच संशय आला होता.

काका निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलात लोकांना झोपवलं, म्हणूनच बहुधा जाग्या माणसावर त्यांचा भरवसा नाही. पोस्टमन हसला, तर "पाणी मुरतंय." शेजारणीने केक दिला, तर "नक्कीच मुरतंय." मग दोन तुकडे खायचे.

सगळ्यात मोठा संशय फ्रेंचांवर. बरीच वर्षं बंद असलेली एक ब्रिटिश अंतराळमालिका नव्याने सुरू झाली आणि फ्रेंच टीव्हीवरही पोचली. काकांनी तेवढ्यासाठी मागच्या भिंतीवर वेगळी डिश बसवली होती. प्रत्येक भाग आधी इंग्रजीत बघायचे, मग शनिवारी दुपारी फ्रेंच डबिंगमध्ये, मला समोर बसवून.

"कॅप्टनचं तोंड मिटलंय, आवाज चालूच. हे लोक पदरचं काय घालतायत?"

मला निम्मंही कळत नसे. यान बिघडलंय, एवढं मी सांगे. यान दर भागात बिघडायचंच.

मग एखादं वाक्य माझ्याकडून घोकून घ्यायचे, आणि भाग संपला की मला बाहेर पिटाळून दार लावायचे. आतून त्यांचं फ्रेंच ऐकू यायचं. रिटायर्ड डॉक्टर "यान सोडा" असा हुकूम कुणाला देतात? माझ्या मनात नाही नाही ते येई.

परवाच्या शनिवारी त्यांनीच हाक मारली. फोनवरचं चित्र गोठलं होतं. पुढचे दात पडलेली एक मुलगी. त्यांची नात, फ्रान्समध्ये लिऑनला आईजवळ असते. काकांचा मुलगा त्या दोघींपासून वेगळा झालाय, आणि नातीला फ्रेंचशिवाय काही येत नाही. ही मालिका मात्र तीही बघते.

मी वायफाय पुन्हा जोडलं. मुलीने कॅप्टनला विचारतात तसं विचारलं, आपण कुठे आहोत? काका ताठ बसले आणि पाठ केलेलं उत्तर दिलं: माहीत नाही, पण मी इथेच आहे. ती खूप हसली.

फोन ठेवल्यावर काका माझ्याकडे वळले.

"आज शेवटचा भाग होता गं. पुढच्या शनिवारी तिच्याशी काय बोलू?" मग म्हणाले, "तुझी आठवण येते, असं तो कॅप्टन एकदाही म्हणाला नाही."

मी खुर्ची जवळ ओढली आणि ते वाक्य फ्रेंचमध्ये सावकाश म्हटलं. काका माझ्यामागून म्हणाले. चुकले. पुन्हा म्हणाले.